कुऱ्हाडबंदीचं रान

व्हालेरा, ९ नोव्हेंबर १९३४

बुर्गी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू चुलीत टाकणार असशील, तर आधी एवढी एकच ओळ वाच: यंदाचा हिवाळा त्या घरात काढू नका. आता टाकायचं तर टाक.

टाकलं नसशील तर पुढचं लिहितो. मी चौथीपर्यंतच शिकलो, हे तुला ठाऊक आहे. त्यामुळे मागचं पुढे होईल, पुढचं मागे होईल. चार वर्षांत मी तुला पत्र लिहिलं नाही. तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी खिंड ओलांडून इकडे आलो तो परत तिकडे उतरलो नाही. तुझी आग्नेस तीन वर्षांची झाली हे मला टपालवाल्या देलमोकडून कळतं. तिचे केस लाल आहेत म्हणे. आपल्यात कुणाचे लाल नव्हते.

कामाचं बोलतो. गांधीलमाश्यांनी यंदा पोळी वळचणीला, अगदी उंच बांधली आहेत. माझा डावा गुडघा सप्टेंबरपासूनच ठणकतोय. हे तू हसण्यावारी नेशील, ने. पण ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला तो सावलीच्या बाजूला तसाच राहिला आहे, आणि वर नुसती कोरडी थंडी. असा बर्फ खालून साखरेसारखा भुसभुशीत होतो. त्यावर पुढे जो पडेल तो जमिनीला धरून राहत नाही, साखरेवर बसतो. तुमच्याकडची म्हातारीच्या सुळक्याखालची उतरण सगळी सावलीची आहे, आणि तुमचं घर तिच्या पायथ्याशी.

मी गाव सोडा म्हणत नाही. चर्चजवळ माझी बहीण क्रेसेन्स राहते, तिच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. ते घर खडकाच्या आड आहे. डिसेंबर ते मार्च, चारच महिने. गाई तिच्या गोठ्यात मावतील, मी मनातल्या मनात मोजून पाहिलं. तुझ्या सासूलाही घेऊन जा. योस्टला सांग, हा सल्ला सासऱ्याचा नाही, एकोणीस वर्षं रानाची राखण केलेल्या माणसाचा आहे.

देव तुम्हाला सांभाळो. पण नुसत्या देवावर विसंबू नका.

तुझा बाप


व्हालेरा, २ डिसेंबर

बुर्गी,

तुझं नाही, योस्टचं कार्ड आलं. पुन्हा पुन्हा वाचून मला पाठ झालं आहे. तो लिहितो: "सासरेबुवा, आमच्या घरावर कुऱ्हाडबंदीचं रान आहे. तीनशे वर्षांत त्यातली वाळकी काटकीही गावानं कुणाला उचलू दिली नाही, कारण ते रान आहे म्हणून गाव आहे. माझ्या बापानं त्यातली दोन झाडं चोरली असं तुम्ही राखणदार म्हणून पंचायतीच्या कड्यात, सगळं गाव गोल उभं असताना, सांगितलंत. दोन झाडांनी रान उघडं पडत असेल तर ते तेव्हाच सांगायचं होतं. आई म्हणते, काळजीबद्दल आभार, पण उशीर झाला."

दोन झाडांनी काही होत नाही हे मलाही कळतं.

लीनहार्डचा विषय मी काढला नव्हता. तो गेला, त्याला शांती मिळो. त्याच्या मुलाला मी तुला देत नव्हतो, "झाडचोराच्या घरात माझी मुलगी जाणार नाही" असं चर्चच्या पायऱ्यांवर ओरडलो, तेही खरं. माणूस रागात बोलतो. कधी कधी दुसऱ्याच कुणावरचा राग असतो तो. पण बर्फाला हे काही माहीत नसतं.

देलमो परवा आला तेव्हा मी रस्त्यातच त्याला गाठलं.

"म्हातारबा, पत्रात दगड भरता की काय? खांदा गेला माझा," तो म्हणाला.

"तिनं वाचलं का?"

"जावयानं वाचलं. खानावळीत, मोठ्यानं. गांधीलमाश्यांपाशी आला तेव्हा खानावळवाल्या कात्रीबाईच्या हातून पेला पडला हसता हसता."

"आणि तू?"

"मीही हसलो. खोटं कशाला बोलू? तुम्हाला तिथे नाव पडलंय आता. हिमलोट म्हणतात तुम्हाला."

हसू देत. माझी घरमालकीण पिएरीनाही हसते. म्हणते, "मेनरादो, तुम्ही जेवता तेव्हासुद्धा छताकडे बघता. सूप नाकात जाईल एक दिवस." ती इटलीच्या अंगाची, माइनराडचं मेनरादो करते, तिच्या घरावर डोंगर नाही, फक्त द्राक्षांचा मांडव आहे. तिला काय कळणार.

इकडे अजून बर्फ नाही, तुमच्याकडे वीतभरच पडलाय असं देलमो म्हणाला. तेच वाईट. थोडा बर्फ आणि खूप थंडी. साखर होते आहे, बुर्गी. क्रेसेन्सला मी वेगळं पत्र घातलंय. तिनं खोल्या झाडून ठेवल्या असतील.

तुझा बाप


व्हालेरा, ९ जानेवारी १९३५

बुर्गी,

तुझ्या हातचं पत्र आलं. पाकीट मी दुपारपर्यंत फोडलंच नाही. पिएरीना म्हणाली, "साप आहे का त्यात?"

तू विचारलंस ते सरळ विचारलंस. लिहितेस: "बाबा, पानगळीच्या दिवसांत तुम्ही मला रानात न्यायचा. एकेका लार्चच्या खोडाला हात लावून म्हणायचा, बुर्गी, ही भिंत आहे, ही असेपर्यंत म्हातारीच्या बापालाही गावात पाय टाकता येणार नाही. त्या भिंतीला भोक पडलंय का? पडलं असेल तर सांगा, मी योस्टशी भांडून उद्या सामान हलवते. पडलं नसेल तर मला घाबरवणं थांबवा. मला सहावा महिना आहे."

सहावा महिना, हे मला देलमोनं सांगितलं नव्हतं.

तर सांगतो. भोक आहे. गावातून दिसत नाही, कारण मधे खडकाचा खांदा येतो. त्याच्या मागे, बरोबर तुमच्या छपराच्या रेषेत, एक खळगा आहे. तिथली झाडं वाऱ्यानं पडली. युद्धाच्या सुमाराला मोठं वादळ झालं होतं, तेव्हा. सात, किंवा आठ असतील. मी पंचायतीला कळवलं नाही, कारण राखणदाराच्या अंगावर येतं. मग ती ओढून नेली, म्हणजे ती कुजून गेली. एवढंच आहे. मोठी गोष्ट नाही, पण यंदाच्या बर्फाला पुरेशी आहे. म्हणून हल. पत्र मिळाल्या दिवशी हल.

सहाव्या महिन्यात जड उचलू नकोस. योस्टला उचलू दे.

बाबा


व्हालेरा, २ फेब्रुवारी

बुर्गी,

योस्टची चिठ्ठी देलमोनं मंगळवारी दिली. दोनच ओळी आहेत. "वाऱ्यानं पडलेलं झाड मुळासकट उन्मळतं आणि खड्डा ठेवून जातं. त्या खळग्यावरून मी वर्षात पन्नासदा जातो, तिथे एकही खड्डा नाही. यापुढे माझ्या बायकोला खोटं लिहाल तर पत्रं न फोडता परत येतील."

पोरगा बरोबर बोलला. हे बापाचं डोकं आहे त्याला. लीनहार्डलाही असंच सगळं दिसायचं.

गुरुवारपासून बर्फ पडतोय. आज तिसरा दिवस. वारा उत्तरेचा. खिंडीच्या माथ्यावर छातीइतका झाला असं देलमो म्हणतो, आणि तो फुगवून सांगणारा माणूस नाही. म्हणून आता खरं लिहितो. हात थांबतोय, पण लिहितो.

ती झाडं वाऱ्यानं पाडली नाहीत. मी तोडली. एकवीस.

तू पाळण्यात होतीस तेव्हा आपला गोठा आणि अर्धं घर जळालं. पंचायत दर पानगळीत चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला लाकूड वाटते. सलग दोन वर्षं माझ्या चिठ्ठीला वाकडं, गाठींचं लाकूड आलं. त्यातून आढं निघत नाही. तुझी आई गवताच्या माळ्यावर झोपत होती, खोकत होती. आणि मी रोज त्या सरळ लार्चखालून हिंडत होतो, खांद्यावर राखणदाराची कुऱ्हाड घेऊन. तिसऱ्या वर्षी मी चिठ्ठीची वाट पाहिली नाही.

तीन हिवाळे चाललं. बर्फ पडत असताना जायचो, भरदिवसा. पडत्या बर्फात घाव ऐकू जात नाही आणि पावलं आपोआप बुजतात. हिवाळ्यात झाड तोडलं तर ते बर्फाच्या पातळीवर तुटतं, आणि उन्हाळ्यात खुंट माणसाएवढा उभा राहतो, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. म्हणून मी आधी बुंध्यापर्यंत बर्फ उकरायचो, जमिनीलगत तोडायचो आणि वसंतात खुंटावर माती नि गवताची ढेकळं लावायचो. शेवटच्या दोन झाडांपाशी मात्र मी उकरत असताना उतरण बोलली. तो आवाज ज्यानं ऐकला आहे त्यालाच ठाऊक. जाड कापड कुणी हळूच फाडावं तसा. मी घाबरलो. उकरणं सोडलं, वरच्यावर तोडलं, ओढलं आणि पळालो.

जूनमध्ये ते दोन खुंट माझ्या खांद्याएवढे उभे होते. मी पोचायच्या आत गुराख्यांनी पाहिले. लीनहार्डच्या गवताच्या खोपटाच्या बरोबर वर होते. त्याची लाकडी घसरगाडी त्या वर्षी नवी होती, तेवढ्यावर संशय त्याच्यावर गेला.

तुला कुणी नीट सांगितलं नसेल, म्हणून सांगतो. कड्यात सगळे गोल उभे होते. गावप्रमुख मेल्कियोरनं त्याला शपथेला तीन बोटं वर करायला सांगितलं. लीनहार्ड म्हणाला, "मी तोडली नाहीत. आणि जे मला चाळीस वर्षं ओळखतात त्यांच्यापुढे मी बोटं वर करणार नाही." मग मेल्कियोर मला म्हणाला, "राखणदार, तुझं काय म्हणणं?" मी म्हणालो, "दुसरं कुणी तिथे जाताना मला दिसलं नाही." हे खरंच होतं ना, बुर्गी. दुसरं कुणी मला दिसलं नव्हतं.

त्याचं मत काढून घेतलं, गवताचा वाटा काढून घेतला, चर्चमधलं बाक काढून घेतलं. सहा वर्षं तो दाराशी उभा राहून प्रार्थना करत होता. मी माझ्या बाकावर बसायचो. तुम्ही राहता त्याच लीनहार्डच्या घरावरचं रान काढून मी तुझ्या डोक्यावर छप्पर घातलं. पुढे योस्ट तुला मागायला आला, तेव्हा मी दारात त्याला पाहिलं आणि वाटलं बापच आलाय.

एवढी वर्षं का पडला नाही लोट, असं तू विचारशील. ते मलाही कळत नाही. प्रत्येक हिवाळा मी श्वास धरून काढला. पण तोडलेल्या झाडाची मुळं वीस वर्षं माती धरतात, मग कुजतात. वीस वर्षं होऊन गेली. आणि खाली यंदा साखर आहे.

हे पत्र योस्टला दे, तुझ्या सासूला वाचून दाखव. मेल्कियोरला दे. मला काय म्हणायचं ते म्हणा. आधी घर सोडा.

मग भांडा.

माइनराड


व्हालेरा, ४ फेब्रुवारी

बुर्गी,

मागचं पत्र अजून इथेच आहे. देलमो ते घेऊन काल निघाला आणि दुसऱ्या वळणावरून परत आला.

"नाही म्हातारबा. दोन्ही कडे भरलेत. मी वर गेलो तर मीही जाईन आणि तुमचं पत्रही. मग ते जूनमध्ये वाचावं लागेल."

मी म्हणालो, मी नेतो. त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं, हसला नाही. तेव्हा मला जास्त भीती वाटली.

म्हणून आज सकाळी टपाल कचेरीत गेलो. टेलिफोन मी आयुष्यात धरला नव्हता. आणि तुमच्या गावाचा, श्टेगमाटचा एकुलता एक टेलिफोन खानावळीत, भिंतीवर, पत्त्यांच्या टेबलाशेजारी. बर्फात अडकलेलं सगळं गाव तिथे असणार हे मला माहीत होतं. पिएरीना सोबत आली. म्हणाली, "तुमचे हात बघा. नळी धरायला तरी कुणीतरी हवं."

तिकडून कात्री बोलली. "कोण? व्हालेरा? अरे, पत्ते खाली ठेवा रे, हिमलोट बोलतोय!" मागे सगळे खिंकाळले.

"कात्री, मेल्कियोरला दे."

तो आला. "माइनराड, लवकर आटप. चार वर्षांत पहिल्यांदा हातात चांगली पानं आलीत."

"लीनहार्डच्या फिलोमेनाच्या घरातून सगळ्यांना हलव. वरच्या तिन्ही घरांतून. आत्ता."

"पुन्हा तेच? अरे, वर रान आहे बाबा."

"खळग्यात रान नाही."

"तू राखलेलं रान आणि तूच म्हणतोस नाही?"

"मी तोडलं. एकवीस झाडं. लीनहार्डनं एकही नाही. ते दोन खुंटही माझेच."

मागचा कालवा अजून चालू होता, कुणीतरी एक्का आपटला. मग मेल्कियोर, मला नाही, खोलीला म्हणाला, "गप्प बसा." आणि सगळे गप्प झाले. ती शांतता तारेतून इकडे आली, बुर्गी. माझ्या कानात शिरली.

"पुन्हा बोल," तो म्हणाला.

मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं आणि खरखर सुरू झाली. मी ओरडत होतो, "एकवीस, सगळी एका जागी, खांद्यामागे, एकवीस." पिएरीनानं माझा दंड धरला होता. थोड्या वेळानं कचेरीतली मुलगी म्हणाली, "आजोबा, तार तुटली. केव्हाच तुटली."

त्यांनी किती ऐकलं ते मला माहीत नाही. त्यांना पटलं का, ते माहीत नाही. म्हातारा चळला असं म्हणून मेल्कियोरनं पत्ते परत उचलले असतील का? योस्ट तिथे होता का? बापाचं नाव ऐकून तो हसणारा नाही, एवढी एकच आशा आहे.

हे पत्र जाणार नाही हे ठाऊक असून लिहितोय. नाहीतर हात काय करतील.


७ फेब्रुवारी

काही कळत नाही. बर्फ काल दुपारी थांबला. आकाश निळं आहे आणि म्हातारीच्या माथ्यावरून बर्फाचा धूर उडतोय. इकडून तिची पाठ दिसते, तोंड तुमच्याकडे. तिच्या पाठीवरून काय कळणार.

परवा संत आगाथाचा दिवस होता. पिएरीनानं मंतरलेल्या पावाचा तुकडा तुमच्या दिशेच्या खिडकीत ठेवला. या पावानं आग आणि बर्फ दूर राहतात म्हणे. मी विचारलं, किती दूर? ती म्हणाली, "मेनरादो, प्रार्थना करा, मोजमाप नको."

देलमो रोज सकाळी वळणापर्यंत जाऊन येतो. मी अंगणात उभा राहतो. तो लांबूनच मान हलवतो.

तुला सातवा लागला असेल.


व्हालेरा, ८ जून

बुर्गी,

फेब्रुवारीत देलमो खिंड ओलांडून आला आणि लांबूनच ओरडला, "जिवंत आहेत! सगळे!" त्या दिवसानंतर मी तुला लिहिलं नाही. लोट पाच तारखेला सकाळी आला, खळग्यातून, आणि घर, गोठा, पाच शेळ्या घेऊन थेट ओढ्यापर्यंत गेला, हे त्यानं सांगितलं. तुम्ही चार तारखेलाच क्रेसेन्सकडे पोचला होतात. योस्टनं खानावळीतून घरापर्यंत पळत येऊन आधी तुला उचललं, मग आईला, आणि गाई हाकायला पत्त्यांच्या टेबलावरचे सगळे गेले, हेही सांगितलं. मी अंगणातल्या बर्फातच खाली बसलो. त्यानंतर तुला काय लिहायचं ते मला सुचेना. वाचलात म्हणून मी आनंद दाखवला तर तो कुठल्या तोंडानं? घर गेलं म्हणून दुःख दाखवलं तर तेही कुठल्या?

आता तुझं पत्र आलं आहे. मुलगी झाली हे कळलं. तुझ्या पत्रात माफीचा शब्द नाही आणि शिवीही नाही. फक्त विचारलं आहेस की खुंट नेमके कुठे आहेत, कारण लावणी करायची आहे आणि कुजलेल्या मुळात रोप धरत नाही. पत्रातून नाही सांगता येणार. पायांना माहीत आहे, तोंडाला नाही. तिथे उभं राहून दाखवावं लागेल.

मेल्कियोरचंही पत्र आहे, शिक्का मारलेलं. तेवीस तारखेला रविवारच्या प्रार्थनेनंतर खास कडं भरवलं आहे. मी मधे उभं राहायचं आहे. तो लिहितो, येणं न येणं तुझ्या हातात, पोलीस पाठवणार नाही. पोलीस पाठवले असते तर सोपं झालं असतं.

सगळ्यांत जास्त मला तुझ्या सासूची भीती वाटते. देलमोला मी विचारलं, "फिलोमेना काय म्हणते?"

"म्हणते, कड्याच्या आधी त्याला जेवायला घाला."

"असं म्हणाली?"

"पुढचंही ऐका. म्हणाली, उपाशी माणसाला धड शिव्या देता येत नाहीत."

काल रस्ता मोकळा झाला. देलमो म्हणतो, सावकाश चाललो तर दोन दिवसांत पोचू, मधे माथ्यावरच्या धर्मशाळेत मुक्काम. गुडघ्याचं मी त्याला सांगितलेलं नाही. कुऱ्हाड आणणार नाही. पिएरीनानं शर्टाला इस्त्री केली आहे आणि परत कधी येणार ते विचारलेलं नाही.

कड्यात काय बोलायचं ते मी आठवडाभर लिहून काढतोय. गोठा जळाला, तुझी आई खोकत होती, चिठ्ठीला वाकडं लाकूड आलं, असं सगळं लिहिलं आणि खोडलं. लीनहार्डला त्यांनी विचारलं तेव्हा तो दोन वाक्यं बोलला होता. मी त्याहून जास्त बोलू नये. एक वाक्य जमलंय: लीनहार्डनं ती झाडं तोडली नाहीत. दुसरं अजून जमत नाही.

बहुतेक तिथे उभा राहीन तेव्हाच जमेल, किंवा जमणारच नाही. पण पहिलं मी नक्की म्हणेन, बुर्गी, आणि मोठ्यानं म्हणेन. तू मुलींना घेऊन जरा पुढे उभी राहा. भीतीनं आवाज बसला तरी निदान तुमच्यापर्यंत पोचेल.

माइनराड